दिसलं म्हणून सापडलं

पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग आपण सगळ्यांनीच लहानपणी पाहिलेत. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो; काही रंग उजळतात, काही विझतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने अभ्रकाच्या पापुद्र्यांवर असेच रंग पाहून नोंदवले होते. याच जुन्या गोष्टीमुळे एक अगदी नवा शोध लागला, त्याची ही हकिगत.

पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. त्यातला एकच थर म्हणजे ग्राफीन. जाडी फक्त एका अणूची. पी. आर. वॉलेस यांनी १९४७ सालीच त्याचं गणित मांडलं होतं. पण असा सुटा थर मिळाला, तरी दिसणार कसा?

मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टॅन्टिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट पुन्हा पुन्हा सोललं आणि ते पापुद्रे सिलिकॉनच्या चकतीवर उतरवले. हो, चिप्ससाठी वापरतात तेच सिलिकॉन, ज्याच्या जिवावर आम्हा आयटीवाल्यांची चूल पेटते! चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन ऑक्साइडचा लेप होता. खरी किमया या लेपाची. त्याच्या वरून आणि तळावरून परतणाऱ्या प्रकाशाचा तोल ग्राफीनमुळे किंचित ढळतो आणि तेवढ्या जागी रंगाची छटा बदलते. साध्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा ती दिसते. लेप ३१५ नॅनोमीटरचा असता तर थर समोर असूनही दिसला नसता, असं त्या दोघांनीच २००७ साली लिहिलं.

त्यांचा शोधनिबंध २००४ साली 'सायन्स'मध्ये आला. २००८ साली त्याच गटाने ग्राफीन छिद्रावर ताणून, खाली कसलाही आधार न ठेवता मोजलं. भारतातून तिथे गेलेले राहुल नायर त्या निबंधाचे पहिले लेखक. एक थर सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषतो, जवळजवळ ९७.७ टक्के आरपार सोडतो; परावर्तन ०.१ टक्क्याहूनही कमी. एका अणूच्या जाडीला २.३ टक्के म्हणजे खरं तर पुष्कळच झाले!

२०१० साली गाइम आणि नोवोसेलोव्ह यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. ग्रॅफाइटचे पापुद्रे तर आपण सगळेच शाळेच्या वहीत उमटवत आलो. कागदावर ते हरवून जात. योग्य जाडीचा लेप खाली आला आणि ते डोळ्यांना दिसले.