एकाच ओळीवर थांबलेले बोट

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे विष्णू गणेश पिंगळे यांचे जन्मगाव. दौंड-शिरूरकडील आपल्या किती कुटुंबांत हे नाव घेतले जाते, याविषयी आम्ही साशंक आहोत. शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेला हा तरुण गदर चळवळीत सामील होऊन १९१४ च्या अखेरीस मायदेशी परतला. फेब्रुवारी १९१५ चा नियोजित उठाव फितुरीमुळे फसला. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत फासावर गेले.

परदेशातील त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मात्र त्यांचीच पत्रे साक्षीला उभी राहिली. ही सांकेतिक पत्रे १९१७ साली अमेरिकेत विल्यम फ्रीडमन या तरुण अभ्यासकाकडे उलगडण्यासाठी आली. हेरंबलाल गुप्त यांच्या पत्रात अक्षरांऐवजी आकडे होते: पुस्तकाचे पान, त्यावरील ओळ आणि ओळीतील अक्षराचे स्थान. दोघांपाशी एकच पुस्तक असले म्हणजे झाले. तिऱ्हाइताला त्या आकड्यांचा बोध होणे नाही.

युक्ती मुळात कच्ची नव्हती. मात्र लिहिणाऱ्याने प्रत्येक अक्षरासाठी नवे पान शोधावे, ही तिची अट होती. घाईत असलेला मनुष्य उघड्या पानावरच, त्याच ओळीवर बोट ठेवून राहतो. (रोजचे प्रार्थनापुस्तक हाताळणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना बोटांची ही खोड चांगलीच परिचित आहे!) मग तेच आकडे पुनःपुन्हा येतात, आणि तेच आकडे म्हणजे तेच अक्षर. शिवाय एका ओळीतील पहिले, दुसरे व चौथे अक्षर तर्काने गवसले की तिसरे ती ओळच सांगून टाकते. कारण ती अर्थपूर्ण वाक्याची ओळ असते. तिसरे कळले की पत्रातील आणखी चार जागा उजळतात. फ्रीडमन यांनी अशा रीतीने, मूळ पुस्तक हाती नसताना, मजकूर वाचला. ते पुस्तक प्राइस कॉलियर यांचे 'जर्मनी अँड द जर्मन्स' असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

पुस्तकाची निवड आम्हांस तितकीशी दोषास्पद वाटत नाही. दोष आळसाचा, कदाचित भीतीचाही. पोलिसांच्या सावलीत बसून लिहिणाऱ्याला पाने चाळण्याची उसंत कोठून असणार?

सॅन फ्रान्सिस्को येथील खटला नोव्हेंबर १९१७ मध्ये सुरू झाला. एप्रिल १९१८ मध्ये, तो संपत आला असता, आरोपी रामचंद्र यांच्यावर रामसिंग या सहआरोपीने भर न्यायालयात गोळी झाडली, आणि तेथील अधिकाऱ्याने रामसिंगलाही जागीच ठार केले. एकाच चळवळीतील आपल्या या सहकाऱ्याला रामसिंग अखेरीस फितूर समजत होता.