फोटोमागचं नाव

मंडळी, इंदूर आणि हैदराबाद या आपल्या दोन गावांना जोडणारा फोटोचा एक जुना धागा आहे. लाला दीनदयाळ 1866 साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांच्या छायाचित्रणाला आश्रय दिला. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. तेव्हा फोटो काचेवर निघत. राजेरजवाडे नि इमारतींचेच जास्त.

आमच्या रामबागेतल्या घरी फोटो आले ते बरेच नंतर. आधी भिंतीवर, मग अल्बमात. आता टेबलावर डिजिटल फ्रेम आहे. मेमरी कार्ड घातलं की फोटो आपोआप बदलतात, नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ दिसतो, गाणीही वाजतात.

पण जुन्या फोटोंच्या पाठीवर आजोबांनी नावं नि साल लिहून ठेवलंय. फ्रेममध्ये ती पाठ कुठली दिसायला? काही फोटोंमागे तर काहीच नाही. तिथली माणसं ओळखणारी आता आत्या एकटीच, 86 वर्षांची.

म्हणून प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन केला. फ्रेममधलं संगीत सगळ्या फोटोंखाली सलग वाजतं, ते एकेका फोटोला बांधता येत नाही. त्यामुळे आत्याला फोटो दाखवून तिचा आवाज मोबाइलवर घेतला आणि फोटोला जोडून छोटे व्हिडिओ केले. एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवली.

तुमच्याकडे नावं सांगणारं कुणी असेल, तर येत्या रविवारीच अल्बम काढून बसा.