बंब, गीझर आणि धुराची वाट

महाराष्ट्रातल्या घरांत अंघोळीचे पाणी पूर्वी चुलीवरच तापे. कोकणात न्हाणीजवळ त्यासाठी वेगळी पाणचूल असे, देशावर परसातल्या चुलाण्यावर हंडा चढे. काटक्या आणि पालापाचोळा पुष्कळ जळे, पण हंड्याला फक्त बुडाशी आच लागे. उरलेली धग वाऱ्यावर जाई.

बंबाने ही धग पाण्याच्या पोटात घेतली. तांब्याचे उभे गोल भांडे, मधोमध आरपार नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि खाली राखेची जागा. ढलप्या, कोळसा, गोवरीचे तुकडे वरून नळीत टाकायचे. विस्तवाला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा असल्याने थोड्या जळणात पाणी कढत होई. रशियातल्या समोवाराची रचना हीच. काही बंबांना नरसाळे असे. त्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाई आणि वरचे तापलेले पाणी तोटीतून घंगाळात पडे. जितके ओतावे तितकेच बाहेर येत असल्याने असा बंब कधी कोरडा पडत नसे. फार सुबक युक्ती होती ती.

पोर्तुगीज भाषेत ‘बॉम्बा’ म्हणजे पंप. आग विझवणाऱ्या बंबाचे नाव त्यावरूनच आले असे मानतात. पाणी तापवणारे बंब मात्र अस्सल तांबटी काम. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्रा ठोकून त्यावर मठारकाम करणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या आहेत. घरोघरी दिवाळीआधी बंब चिंचेने घासून लख्ख केला जाई आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सर्वांत आधी तोच पेटे.

तिकडे लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी 1868 साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधल्या उष्ण झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिले. त्यात जळालेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. एडविन रूड यांनी 1889 मध्ये अमेरिकेत अधिक सुरक्षित, स्वयंचलित हीटर तयार केला. नंतर वीज आली, वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले आणि बंब माळ्यावर गेला, पुष्कळ ठिकाणी थेट मोडीत.

या बदलात धूर गेला, याचे सुख मोठे होते. पण धूर डोळ्यांत जाई, म्हणून त्याला वाट करून देणे भागच पडे. बंद न्हाणीत फुललेले निखारे तेव्हाही घातकच होते. गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. बंद बाथरूममध्ये काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. मॉन यांच्या यंत्रातला दोष दीडशे वर्षांनंतरही आपल्या न्हाणीघरात जीव घेतो, हे अक्षम्य आहे.

विजेच्या गीझरला हा धोका नाही. 25 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 0.9 युनिट लागते आणि 2 किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी अर्धा तास पुरतो. मात्र अर्थिंग आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, शिवाय बोअरचे जड पाणी असेल तर आत साचलेले क्षार वेळोवेळी काढावे लागतात. जुना गीझर काढून गॅसचा बसवायचा असेल, तर तो बाथरूममध्ये बसवू नका. बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या.