डेल्को, टायमिंग आणि न लिहिलेला इतिहास

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मुलांकडून एक फॉर्म भरून घेत होतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात एका मुलाने 'मजुरी' असे लिहिले. त्याचे वडील मोटार मिस्त्री आहेत, हे मला ठाऊक होते. विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "सर, तेच ना? दिवसभर हात काळे."

त्याच आठवड्यात उर्दूच्या तासाला मी अल-जझरीबद्दल सांगितले होते. आठशे वर्षांपूर्वीचा मुस्लिम यंत्रकार म्हटल्यावर वर्ग खूश झाला होता. दूरच्या कारागिराचा अभिमान आणि घरातल्या कारागिराची लाज, हे दोन्ही त्या मुलाने आपल्याकडूनच घेतले आहे. म्हणून आज थोडा गॅरेजचा इतिहास.

माझे मामू सोलापुरात फियाटचे मिस्त्री. कंपनीने गाडीचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी केले, पण मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघांसाठी ती फियाटच राहिली. नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की मी त्यांच्या गॅरेजवर पाने पुसायला बसायचो. तिथे रोज कानावर पडणारा एक शब्द होता, 'डेल्को'. इंजिनाच्या बाजूला बसवलेला, वरच्या काळ्या टोपणातून पाच जाड वायरी निघालेला तो भाग. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. मामूंच्या गॅरेजात हा शब्द मी कधी ऐकला नाही.

भाषेचा शिक्षक झाल्यावर या शब्दाचा माग काढला. अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या साथीदाराने १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून 'डेल्को' तयार झाला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या मदतीने ठिणगी पाडण्याची केटरिंगची पद्धत आधी कॅडिलॅकवर बसली आणि पुढे जगभर पसरली. मामूंना इंग्रजी वाचता येत नव्हते, तरी ओहायोतल्या एका शहराचे पहिले अक्षर रोज त्यांच्या तोंडी होते.

या डेल्कोचे मुख्य काम वेळेचे. सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताक्षणी सगळे पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. ती फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब येतो आणि इंजिन ठोकते. उशिरा पडली तर ताकद जाते, इंजिन तापते, पेट्रोल वाया जाते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाला एक अंश फिरायला सेकंदाचा १८,०००वा भाग लागतो. एवढ्याशा वेळेचा हा हिशोब.

तो माणसाच्या ताब्यात यायला बरीच वर्षे गेली. डाइम्लरच्या सुरुवातीच्या इंजिनात बाहेरून तापवलेली नळी मिश्रण पेटवत असे, तिथे वेळ नेमकी ठरवता येत नव्हती. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली. १९०८ ते १९२७ या काळातल्या फोर्ड मॉडेल टीला स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडी होती. गाडी चालवता चालवता ड्रायव्हर तिने टायमिंग पुढेमागे करी. हँडल मारण्याआधी दांडी मागे घ्यायचे राहिले, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याची भीती. पुढे डेल्कोच्या पोटात वजने आणि स्प्रिंगा आल्या, बाजूला व्हॅक्यूमची डबी आली. वेगानुसार वेळ बदलण्याचे काम त्यांनी उचलले. मूळ वेळ बांधून देणे मात्र मिस्त्रीकडेच राहिले.

मामू ती अशी बांधायचे. आधी पॉइंट. पॉइंट घासून साफ करायचे आणि फिलर गेजने त्यांच्यातली फट मोजायची, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. फट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम ते मोडू देत नसत, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर माझा अंगठा ठेवायला लावायचे आणि स्वतः हँडल हळूहळू फिरवायचे. हवेने अंगठा ढकलला की समजायचे, पिस्टन दाब देत वर येतो आहे. पुलीवरची खूण जुळवायची. एका छोट्या बल्बची एक वायर कॉइलकडून डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी चालू करून डेल्को केसभर फिरवायचा. ज्या क्षणी बल्ब लागला, त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच नट आवळायचा.

एवढ्यावर काम संपत नसे. गाडी चढावर न्यायची, टॉप गियरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा. "कान लगा के सुन," मामू म्हणायचे. हलकीशी टकटक होऊन लगेच थांबली तर टायमिंग बरोबर. टकटक चालूच राहिली तर फार पुढे. आवाज नाही आणि गाडीत दमही नाही, तर मागे.

मुंबईतल्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा हीच विद्या पुन्हा उपयोगी पडली. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून टायमिंग थोडे पुढे घ्यावे लागते. २००० च्या आसपास इंधन इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या, ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला आणि डेल्को हळूहळू नाहीसा झाला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही गेली.

आता पुन्हा अल-जझरीकडे येतो. त्याने मोटारीचे इंजिन शोधले, असे मेसेज आपल्याकडे फिरतात. ते खरे नाही. तो दियारबकरच्या अर्तुकी दरबारात यंत्रे बनवणारा कारागीर होता. फिरत्या कण्यावरच्या खुंट्यांनी दांडे हलवून ढोल वाजवणाऱ्या बाहुल्या त्याने बनवल्या. डेल्कोतला कॅमही फिरता फिरता पॉइंट उघडतो, तत्त्व त्याच जातीचे. पण त्याचे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. सुलतानाच्या सांगण्यावरून त्याने आपली पन्नास यंत्रे आकृत्यांसह लिहून काढली. काय कशाचे बनवले, कसे जोडले, सगळे. १२०६ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी हुशार हात होऊन गेले असतील. आपल्याला त्याचे नाव माहीत आहे, कारण त्याने लिहिले.

आपल्या मिस्त्रींचे कोणी लिहिले? मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहेत आणि वाहनदुरुस्ती हे त्यातले एक ठळक क्षेत्र आहे, ही नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात सापडते. तिथे आपण टक्केवारी म्हणून आहोत. त्या हातांना काय येत होते, हे ना उर्दूत सापडते ना मराठीत. गरिबीचे कौतुक मला करायचे नाही. मामूंनी स्वतःच्या मुलांना गॅरेजात येऊ दिले नाही आणि त्यांचे बरोबरच होते. मुलांनी शिकावे, पुढे जावे. पण पुढे जाताना बापाच्या विद्येला 'मजुरी' म्हणू नये.

त्या मुलाला मी फॉर्म परत दिला. त्याने 'मजुरी' खोडून 'मोटार मिस्त्री' लिहिले. मग त्याला एक काम दिले. वडिलांजवळ बसून गॅरेजातले शब्द वहीत उतरव, डाव्या पानावर उर्दूत आणि उजव्या पानावर मराठीत. आठवड्याने त्रेचाळीस शब्द आले. त्यातले अकरा मलाही माहीत नव्हते.

मामू आता सत्तरीपलीकडे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येते. गेल्या ईदला मी वही घेऊनच त्यांच्याकडे गेलो. प्रत्येक प्रश्न दोनदा, मोठ्याने विचारावा लागला. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात असे कोणी मिस्त्री असतील, तर त्यांचे कान शाबूत आहेत तोवर जाऊन बसा.