जनुकीय विचलन : योगायोगाने घडणारा बदल आणि सरिस्काचे वाघ

राजस्थानातील अलवर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. याच जिल्ह्यातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. चोरट्या शिकारीने जंगल रिकामे केले होते. २८ जून २००८ रोजी रणथंबोरमधील एक नर हेलिकॉप्टरने तेथे आणण्यात आला. काही दिवसांतच एक मादीही दाखल झाली. त्यानंतरही वाघ आले ते रणथंबोरमधूनच. आज सरिस्कातील वाघांची संख्या चाळीसच्या पुढे गेली आहे. संख्येचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, जनुकीय वैविध्याचा मात्र कायम आहे.

एखाद्या समूहातील जनुकांचे प्रमाण निवळ योगायोगाने पिढ्यान्‌पिढ्या कमी-जास्त होत जाते, त्याला जनुकीय विचलन म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी १९३१ मध्ये या प्रक्रियेची गणिती मांडणी केली. नैसर्गिक निवडीत उपयुक्त गुण टिकतो. विचलनात उपयुक्त गुणही नाहीसा होऊ शकतो आणि अपायकारक गुण पसरू शकतो. एखाद्या जनुकाचे दुर्मीळ रूप केवळ एका वाघिणीकडे, तेही एकाच प्रतीत असेल आणि तिला दोनच बछडे झाले, तर ते दोघांपैकी कोणालाही न मिळण्याची शक्यता चारात एक असते. तसे घडल्यास ते रूप तिच्याबरोबरच संपते.

समूह जितका लहान, तितका योगायोगाचा जोर अधिक. आदर्श गणितानुसार प्रजननक्षम प्राणी पन्नास असतील तर दर पिढीत सुमारे एक टक्का जनुकीय वैविध्य घटते; पाचच असतील तर दहा टक्के. मोजक्या प्राण्यांपासून नवा समूह उभा राहतो तेव्हा मूळ समूहातील वैविध्याचा लहानसा वाटाच त्याच्याकडे येतो. यास संस्थापक प्रभाव म्हणतात. सरिस्काच्या बाबतीत मूळ समूहही संपन्न नव्हता. रणथंबोरचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले असून त्यांच्यात निकटसंबंधी प्रजननाचे प्रमाण अधिक असल्याचे २०२१ मधील जनुकीय अभ्यासात आढळले.

विचलनाचा डोळ्यांना दिसणारा परिणाम ओडिशातील सिमलीपाल येथे आहे. तेथील अनेक वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे ते काळे भासतात. एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे हे घडते. इतरत्र जवळजवळ न आढळणारे हे उत्परिवर्तन तेथील छोट्या, एकाकी समूहात इतके पसरले, यामागे विचलनच असल्याचा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

अशा वेळी दूरच्या समूहातील प्राणी आणणे हा उपाय ठरतो. दर पिढीत बाहेरचे एक-दोन प्राणी आले तरी विचलनाला बराच आळा बसतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलीपालला नेण्यात आल्या. झीनत झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये पोहोचली आणि तिला पकडून परत आणावे लागले. त्याच वर्षी सरिस्कातील एक तरुण नर हरियाणातील रेवाडीपर्यंत गेला; त्याला तेथे जोडीदार मिळणे शक्य नव्हते, कारण त्या भागात वाघांची वस्तीच नाही.