एलेओनोरा दूझे

सन १८९५ च्या जून महिन्यांत लंडनच्या नाट्यरसिकांना एक दुर्मिळ योग लाभला. सुडरमानच्या नाटकांतील माग्दाची एकच भूमिका दोन थोर नटींनीं थोड्या दिवसांच्या अंतरानें तेथें करून दाखविली. एक पॅरिसची सारा बर्नहार्ट. दुसरी इटलीची एलेओनोरा दूझे. बर्नहार्टचें सारें वैभव नटण्यासजण्यांत. दूझे तोंडाला रंगहि लावीत नसे. पूर्वींचा प्रियकर अवचित समोर येतांच तिच्या मुद्रेवर लज्जेची जी लाली चढली, तिचें वर्णन बर्नार्ड शॉनें मोठ्या नवलानें केलें आहे. त्याचा कौल अर्थातच दूझेला मिळाला.

ही विद्या शाळेंतली नव्हे. ३ ऑक्टोबर १८५८ रोजीं विजेव्हानो येथें ती जन्मली, ती फिरत्या नटांच्या घराण्यांत. चवथ्या वर्षींच ती रंगभूमीवर उभी राहिली. १८७९ सालीं नेपल्स येथें झोलाच्या 'तेरेज राकँ'नें तिचें नांव झालें. पुढें यूरोप-अमेरिकेंत तिचा बोलबाला झाला.

कवि गाब्रिएले दानुन्झिओ ह्याच्यासाठीं तिनें आपलें द्रव्य आणि लौकिक दोन्ही पणास लावलीं. त्यानें मात्र 'मृत नगरी' हें नाटक प्रथम बर्नहार्टच्या हातीं दिलें, आणि १९०० सालीं एका कादंबरींत दूझेशीं असलेले आपले संबंध चव्हाट्यावर मांडले! तरीहि ती त्याचीं नाटकें करीतच राहिली. हिला निष्ठा म्हणावें कीं दुबळेपणा?

१९०९ सालीं तिनें रंगभूमीचा निरोप घेतला. सात वर्षांनीं मात्र ती कॅमेऱ्यापुढें उभी राहिली. चित्र 'चेनेरे', म्हणजे 'राख'. कथा ग्रात्सिया देलेद्दाची. पोटच्या पोराला दुसऱ्याच्या स्वाधीन करून दूर होणाऱ्या आईची ही भूमिका. दूझेची स्वतःची मुलगीहि आईच्या बिऱ्हाडापासून दूर, वसतिगृहांतच वाढलेली होती. केस पांढरे, तोंड पुष्कळदां फिरविलेलें. बोलतात ते हातच. चित्राला धंदा झाला नाहीं, आणि दुसरें चित्र तिनें केलें नाहीं. तें मूकपट असल्यामुळें तिचा आवाज त्यांत नाहीं. अभिनय मात्र आजहि पाहावयास मिळतो.

महायुद्धानंतर पैशाची चणचण भासूं लागली, तेव्हां १९२१ सालीं तुरीन येथें इब्सेनच्या नाटकांत ती पुन्हां उभी राहिली. फुप्फुसें अधू, वय साठीपलीकडलें. पण दौरा थांबला नाहीं. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें २१ एप्रिल १९२४ रोजीं एका हॉटेलांत तिनें देह ठेवला. तिचें शव इटलीस नेऊन आझोलो येथें पुरण्यांत आलें.