दात (मानवी)

अन्न तोडण्यासाठी, फाडण्यासाठी आणि दळण्यासाठी जबड्यात रुजलेले कठीण अवयव. माणसाला त्यांचे दोन संच मिळतात: दुधाचे २० आणि कायमचे ३२. दिसायला हाडासारखे असले तरी दात म्हणजे हाड नव्हे. मोडलेले हाड सांधते; दाताचा टवका उडाला की तो उडालाच.

प्रकार : दोन्ही जबडे मधोमध दुभागले तर चार भाग होतात. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे मोजत गेल्यास पटाशीचे दात २, सुळा १, उपदाढा २ आणि दाढा ३ असे आठ दात येतात. सर्वांत मागची ती अक्कलदाढ. ती साधारण १७ ते २५ या वयात येते, काहींना येतच नाही, तर काहींची जबड्यात आडवी अडकून बसते. अकलेशी तिचा संबंध वयापुरताच.

पटाशी हे सुताराचे सपाट धारेचे हत्यार. समोरच्या दातांची कड आरशात नीट पाहिली की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते. ‘सुळा’ हा शब्द मात्र फसवा. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले. त्यांच्या बाहेर आलेल्या दातांनाही आपण सुळेच म्हणतो. शरीरशास्त्राच्या हिशेबाने ते वरचे पटाशीचे दात आहेत. हत्तीला खरा सुळा नसतोच. माणसाचा सुळा तोंडाच्या वळणावर असतो, त्याचे मूळ सर्व दातांत लांब असते, आणि म्हातारपणी बाकीचे दात गेले तरी तो बहुधा तग धरून राहतो.

कामाची वाटणी पाहायची तर आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेले खाजे तोंडात घालावे. बेसनाची तळलेली कांडी, तिच्यावर आल्याचा वास असलेला गुळाचा पाक वाळून कडक झालेला. पटाशीच्या दातांनी तुटले तर ठीक. नाही तर कांडी आपोआप गालाकडे सरकते आणि उपदाढेखाली काड्कन मोडते. हे कोणी शिकवत नाही. अडकित्त्यात सुपारी टोकाला न धरता खिळ्याजवळ धरतात, त्यातलाच हा प्रकार. जबड्याचा खिळा कानापुढच्या सांध्यात आहे. त्याच्या जितके जवळ जावे तितका जोर अधिक. मोडलेल्या तुकड्यांचे पीठ करण्याचे काम मात्र उंचवटे आणि खाचा असलेल्या दाढांचे. त्यांना तेवढा आधारही लागतो: पटाशीच्या दाताला व सुळ्याला एक मूळ, खालच्या दाढेला साधारणतः दोन, वरच्या दाढेला तीन.

रचना : हिरडीबाहेर दिसतो तो दाताचा माथा, हिरडीच्या कडेशी त्याची मान, आणि जबड्याच्या हाडातील खोबणीत मूळ. माथ्यावर एनॅमलचे (दंतवल्काचे) आवरण असते. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शिअम व फॉस्फेट यांचे स्फटिक. ते घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत नाहीशा होतात, म्हणून ते नव्याने तयार होत नाही. त्याखालचे डेंटिन पिवळसर आणि थोडे लवचीक असते. दाताचा बहुतेक ऐवज तोच. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. एनॅमल झिजून किंवा हिरडी खाली सरकून त्या उघड्या पडल्या की थंड शहाळ्याच्या पहिल्याच घोटाला कळ जाते. सर्वांत आत दंतमज्जा: रक्तवाहिन्या व नसा यांचा मऊ गर. कीड तिथवर पोचली की रात्रभर ठणका लागतो, आणि ‘रूट कॅनल’मध्ये काढून टाकतात तो हाच गर.

मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो. त्यातून निघालेले तंतू खोबणीच्या हाडात रुतलेले असतात, म्हणजे दात हाडाला थेट चिकटलेला नसून जणू दोऱ्यांच्या झोळीत बसवलेला असतो. मासे खाणाऱ्या मुलखाला या तंतूंचे मोल अधिक कळावे. पेडव्याचा केसाएवढा काटा भाताच्या घासात दाढेखाली आला की जेवणारा थबकतो. ती जाणीव दाताच्या माथ्याला नसते. दाबाची खबर हे तंतू देतात.

दुधाचे दात : पहिला दात बहुधा सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान खालच्या जबड्यात पुढे येतो आणि तीन वर्षांच्या आत संच पुरा होतो. त्यात उपदाढा नसतात. दुधाच्या दाढा पडल्यावर त्यांच्या जागी कायमच्या उपदाढा येतात. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, अशी घरोघरची रीत. उंदराची निवड चुकीची म्हणता येणार नाही, त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात.

खरी गफलत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप वर येते. आईबाप तिला दुधाची समजतात, कीड लागली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. दवाखान्यात दातांना दोन अंकी क्रमांक असतात, पहिला अंक जबड्याच्या भागाचा व दुसरा दाताचा. ही खालची डावी दाढ म्हणजे ‘३६’.

इतर प्राणी : मालवणच्या बाजारात मोरीचा, म्हणजे शार्कचा, जबडा उघडून पाहिला तर पुढच्या दातांमागे राखीव दातांच्या रांगा दिसतात, शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि बदलतात. तारकर्लीसमोर दिसणारा डॉल्फिन, म्हणजे गादा, सस्तन असूनही एकाच संचावर जगतो. त्याचे सगळे दात सारखे, शंकूसारखे. मासा पकडून गिळायचा, चावायचा नाही.

झीज व सवयी : तोंडातली आम्लता वाढून पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर जिवाणू आम्ल तयार करतात. कोकम, कैरी, चिंच स्वतःच आंबट. लाळ हळूहळू ही हानी भरून काढते. म्हणून सोलकढी सोडायचे कारण नाही, फक्त तिच्या पाठोपाठ ब्रश करू नये; अर्धा तास थांबावे. सुपारीने दात झिजतात, हे तिचे लहान पाप. ती कर्करोगकारक आहे आणि तिच्या सवयीने तोंड पुरते उघडेनासे होते. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दात घासण्याच्या नावाखाली चालते, पण ते व्यसनच. तिच्याशी तुलना करता दात घासायला आंब्याचे पान बरे.

उच्चार : त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. ‘चमचा’, ‘जावई’ यांतले च आणि ज मराठीत दंततालव्य आहेत. समोरचे दात गेले की हे वर्ण फुसफुसतात, आणि नवी कवळी बसवल्यावर पहिले काही दिवस जीभ याच अक्षरांवर अडखळते.